पित्ताची रोजची गोळी सोडायची असेल तर आधी गॅस्ट्रिन समजून घ्या

मी कराडला मेडिकलचं दुकान चालवतो. सकाळी शटर वर गेलं की पहिल्या तासाभरात ‘ती उपाशीपोटीची’ मागणारं कुणी ना कुणी येतंच. बहुतेकांची पँटोप्राझोल ४० (मिलिग्रॅम) असते, कुणाची ओमेप्राझोल किंवा रॅबेप्राझोल.

“मावशी, ही सुरू कशासाठी केलेली?”
“गुडघ्याच्या गोळीबरोबर दिलेली डॉक्टरांनी.”
“आणि गुडघ्याची गोळी?”
“ती कवाच बंद झाली. पण ही सोडली की छातीत नुसती आग पडती बघा. दोन दिवसांत परत घ्यावी लागती.”

मावशींचं म्हणणं खरं आहे, आग पडतेच. पण ती जुन्या पित्ताचीच असेल असं नाही. बऱ्याचदा ती गोळी सोडल्यामुळे पडते, आणि त्यामागे गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक असतं.

जठराच्या खालच्या टोकाला जी-पेशी असतात. पोटात अन्न पडलं, त्यातही डाळ, अंडी, मटण असं प्रथिनांचं, की त्या गॅस्ट्रिन रक्तात सोडतात. रक्तातून फिरून ते जठराच्या वरच्या भागातल्या ईसीएल पेशींपर्यंत पोचतं. त्या हिस्टामिन सोडतात आणि त्याने आम्ल बनवणाऱ्या पेशींमधले पंप चालू होतात. आम्ल पुरेसं झालं की डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून जी-पेशींना आवरतात. हा झाला ब्रेक.

पँटोप्राझोल थेट पंपच बंद पाडते. आम्ल नाही, म्हणून ब्रेक लागत नाही, आणि गॅस्ट्रिन चढत राहतं, साधारण दुप्पट ते चौपट, काहींचं त्याहून जास्त. गोळी चालू असेपर्यंत ते जाणवत नाही. मात्र या सततच्या माऱ्याने ईसीएल पेशी वाढतात. गोळी थांबली की दोन-चार दिवसांत नवे पंप तयार होतात, हिस्टामिन आधीच जादा असतं, आणि आम्ल गोळीच्या आधी होतं त्याहूनही जास्त बनतं.

डेन्मार्कमध्ये याची छान तपासणी झाली. २००९ साली ती प्रसिद्ध झाली. पित्ताचा काहीही त्रास नसलेल्या १२० धडधाकट लोकांपैकी निम्म्यांना ८ आठवडे एसोमेप्राझोल (पँटोप्राझोलच्याच जातीची गोळी) दिली, मग गुपचूप नुसती खोटी, औषध नसलेली गोळी. गोळी थांबल्यावरच्या महिन्यात त्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. सुरुवातीपासून खोटीच गोळी खाणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. ज्यांना आजारच नव्हता त्यांतल्या कित्येकांना गोळीनेच तो दिला! तेव्हा दोन दिवसांच्या जळजळीवरून ‘मला गोळी जन्मभर लागणार’ असा निकाल लावू नका.

आता सोडायची कशी. पहिलं काम, डॉक्टरांना विचारणं, आणि हे मी उपचार म्हणून लिहीत नाही. अन्ननलिकेला मोठ्या जखमा किंवा बॅरेट्स (आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) असलेले, अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेले, अ‍ॅस्पिरिनसोबत रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असलेले आणि रोज वेदनाशामक खाणारे वयस्क लोक यांनी गोळीला स्वतःहून हात लावायचा नाही. काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर आधी तपासणी. आणि छातीत जळजळीसोबत घाम फुटत असेल तर पित्त पित्त करत बसू नका, ईसीजी काढा.

बाकीच्यांसाठी सहसा असा क्रम दिला जातो: ४० वरून २० वर, दोनेक आठवडे; मग एक दिवसाआड, तितकेच दिवस; मग बंद. एकदम बंद केली तरी चालतं असंही तज्ज्ञ सांगतात, पण माझा अनुभव असा की एकदम सोडणारी माणसं आठवड्यात परत काउंटरवर येतात.

इथे एक चूक फार होते. ४० ची गोळी मोडून अर्धी खायची नाही. तिच्यावरचं आवरण ती जठरात विरघळू नये म्हणून असतं. मोडलीत की औषध आम्लातच खराब होतं. २० ची स्ट्रिप वेगळी मिळते, ती चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी. चहा-खारीसोबत ढकलली तर तिचा जोर कमी पडतो आणि उगाच वाटतं की कमी डोस पुरत नाही.

मधल्या दिवसांत जळजळ झाली तर अँटासिडचं पातळ औषध, किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास रात्री फॅमोटिडीन, ही आम्ल कमी करणारी वेगळ्या प्रकारची गोळी. तिनेही गॅस्ट्रिन वाढतं, पण कमी. रोज घेतली तर शरीर तिला लवकर सरावतं, म्हणून लागेल तेव्हाच. किडनीचा त्रास असेल तर दोन्ही विचारूनच. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी असेल तर अँटासिडपासून काही तासांचं अंतर ठेवा. गॅस्ट्रिन एक-दोन आठवड्यांत खाली येतं, वाढलेल्या पेशी ओसरायला मात्र आणखी काही आठवडे जातात. तेवढा काळ रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, बस्स.

गोळीच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर त्यात डोमपेरिडोन हे मळमळीचं औषधही आहे. ते दुसऱ्याच संप्रेरकाला हात घालतं, प्रोलॅक्टिनला. पाळी पुढे जाणं, बाळंतपण नसताना छातीतून दूध येणं असे प्रकार त्याने होऊ शकतात. मळमळ नसताना ही जोडगोळी वर्षानुवर्षं कशाला खायची, हे मला कधीच कळलं नाही.

काहींना सीरम गॅस्ट्रिनची (रक्तातल्या गॅस्ट्रिनची) तपासणी सांगतात, विशेषतः अल्सर पुन्हापुन्हा होत असेल किंवा सोबत जुलाब असतील तर. संशय असतो गॅस्ट्रिन बनवणाऱ्या गाठीचा. १९५५ साली झोलिंजर आणि एलिसन या अमेरिकन सर्जननी वर्णन केलेला हा दुर्मीळ आजार. या तपासणीआधी पित्ताची गोळी साधारण एक ते दोन आठवडे थांबवावी लागते, फॅमोटिडीन एक-दोन दिवस. पण गाठीचा संशय दाट असेल तर गोळी अचानक थांबवणं धोक्याचं, अल्सर फुटू शकतो. म्हणून ती तारीख डॉक्टरांनीच ठरवायची. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी चहा-कॉफीही नाही. रक्ताचा नमुना बर्फात ठेवून लगेच सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळं करावं लागतं, नाहीतर गॅस्ट्रिन विघटित होऊन आकडा खोटा कमी येतो. छोट्या गावातल्या कलेक्शन सेंटरला ‘बर्फाची सोय आहे ना?’ हे आधी फोन करून विचारा.

उपाशीपोटीचा आकडा बहुतेक लॅबमध्ये १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास किंवा खाली असतो. गोळी चालू असताना ३०० आला म्हणून झोप उडवून घेऊ नका, गोळीनेच तेवढा येतो. १००० च्या वर आणि जठराचा पीएच २ पेक्षा कमी, म्हणजे भरपूर आम्ल असूनही गॅस्ट्रिन चढलेलं, तेव्हा गाठीचा संशय पक्का होतो. उलट आम्लच नसेल तर जठराचं अस्तर झिजलेलं असू शकतं, आणि मग बी-१२ तपासतात. किडनी निकामी असली किंवा एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूचा संसर्ग असला तरी आकडा वर जातो. म्हणून लॅबच्या फॉर्मवर गोळीचं नाव, डोस आणि शेवटची कधी घेतली ती तारीख स्वतः लिहून द्या. तिथे कुणी विचारेलच असं नाही.