तोंडाला वास येतोय? आधी या चुका थांबवा

तोंडाला वास येतो म्हटलं की लोक पोटावर खापर फोडतात. मग रात्री त्रिफळा, सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी. खरं तर बहुतेकांचा वास तोंडातच तयार होतो. जिभेच्या मागच्या भागावर आणि दातांच्या फटींत हवा पोचत नाही. तिथले जंतू अन्नातली, लाळेतली प्रथिनं कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे गंधकाचे वायू सोडतात. अन्ननलिका एरवी मिटलेलीच असते, त्यामुळे ढेकर किंवा आंबट पाणी आल्याशिवाय पोटातला वास सहसा वर येत नाही.

जीभ फक्त पुढून घासणं

ही चूक जवळपास सगळेच करतात. घासणी तांब्याची घ्यावी की स्टीलची, यावर वाद घालतात आणि फिरवतात मात्र जिभेच्या शेंड्यावर. शेंडा जेवताना-बोलताना आपोआप साफ होतो. पांढरा-पिवळा थर साचतो तो मागच्या एक तृतीयांश भागावर.

जीभ पूर्ण बाहेर काढा, श्वास नाकाने घ्या, घासणी जमेल तितकी मागे टेकवा आणि हलक्या हाताने पुढे ओढा. घासणी धुवा, पुन्हा ओढा. चार-पाच वेळा पुरे. रक्त आलं तर जोर जास्त झाला. उमासा येत असेल तर पहिल्याच दिवशी घशापर्यंत जाऊ नका, रोज थोडं थोडं मागे सरका. आठवड्याभरात सवय होते. पण दोन दिवसांत उमासे आले म्हणून घासणी टाकून देणारेच जास्त, आणि त्यांचाच वास जात नाही.

तळहातावर फुंकर मारून वास कळत नाही, कारण नाक सरावलेलं असतं. जिभेच्या मागच्या भागावर चमचा फिरवा, काही सेकंद थांबा आणि चमच्याचा वास घ्या. समोरच्याला साधारण तोच येतो.

कारण न शोधता माउथवॉशवर दिवस काढणं

दवाखान्यात वारंवार दिसणारा प्रकार असा. माणूस कित्येक महिने क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशने चुळा भरतोय, दात तपकिरी पडलेत, जेवणाची चव गेली आहे, वास मात्र तासाभरात परत. जीभ स्वच्छ, हिरड्या बऱ्या. मग मागच्या दाढेच्या कॅपशेजारच्या फटीत फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, घातला की तो तंतू तुटून, सडक्या वासाचा निघतो. कॅपची कड नीट बसलेली नसते, प्रत्येक जेवणात तिथे पोळी-भाजी अडकते आणि आत दाढ किडत असते. कॅप काढून, कीड साफ करून, शेजारच्या दाताला नीट टेकणारी नवी कॅप बसवली की वास जातो. बाटल्यांवर घातलेला पैसा फुकट.

क्लोरहेक्सिडिन हे औषध आहे, अत्तर नव्हे. 0.2 टक्क्यांचं असेल तर 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांपुढे नको. ब्रश केल्या केल्या घेऊ नका, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा जोर जातो. अर्धा तास जाऊ द्या.

फटीतला वास चुळांनी जात नाही, म्हणून रोज रात्री प्रत्येक फटीत फ्लॉस घाला. फट मोठी असेल तर बारीक इंटरडेंटल ब्रश. दोरा एकाच जागी तुटत असेल किंवा तिथेच वास येत असेल, तर ती जागा डेंटिस्टला बोट ठेवून दाखवा. टूथपिक आणि सेफ्टी पिनने कोरणं बंद.

बाकीच्या चुका

फक्त सकाळी ब्रश करणं: झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश जास्त महत्त्वाचा.

"क्लीनिंग केलं की दात हलतात": दात हलतात ते हिरड्यांच्या आजाराने हाड झिजल्यामुळे. आधी टार्टरने, म्हणजे दातांवर साचून कडक झालेल्या थराने, ते हलणं झाकलेलं असतं, इतकंच.

मिश्री: ती तंबाखूच आहे. हिरड्यांतून रक्त येणं कमी होतं, म्हणून आजार बरा झाला असं वाटतं. तो आत वाढत राहतो.

लसणावर ब्रश: त्याचा वास रक्तातून फुप्फुसात जातो आणि श्वासातून येतो. जेवणासोबत दूध किंवा नंतर सफरचंद काही अंशी उपयोगी.

उपवासात वेलची-लवंग: वास झाकला जातो, लाळ थोडी सुटते. कारण तसंच राहतं. पाणी पीत राहा.

कवळी तोंडात ठेवून झोपणं: रात्री काढा, ब्रशने घासा, साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते.

सर्दीच्या, रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

महिनाभर हे सगळं नीट करूनही वास राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. टॉन्सिलमधले पांढरे खडे किंवा सायनस सापडू शकतं. श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, सोबत खूप तहान आणि उलट्या असतील तर वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटलमध्ये जाऊन साखर तपासून घ्या. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, शेंगदाणा किंवा स्पंजचा तुकडा अडकलेला असू शकतो. घरी काडी घालून काढायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो.