बातूरचा सूर्योदय पाहायला निघताय? या चुका टाळा

कळसूबाईची उंची 1646 मीटर, बालीतल्या माउंट बातूरची 1717. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सह्याद्रीत फिरलेला माणूस निर्धास्त होतो. त्यातून बातूरची चढाई सुरू होते तीच मुळी हजार-अकराशे मीटरवरून, म्हणजे प्रत्यक्ष चढ सहाशे-सातशे मीटरचा. बारी गावातून कळसूबाईला याहून जास्त चढावं लागतं. त्यामुळे बालीच्या पॅकेजमध्ये उबुडचं माकडवन, तानाह लोटचं देऊळ आणि एक पहाट बातूर, असा तो सहज बसवला जातो.

बातूरवर त्रास होतो तो बहुतेकदा चढ न झेपल्यामुळे नाही, तर त्याला सहलीतला आणखी एक ‘पॉइंट’ समजल्यामुळे. हा जिवंत ज्वालामुखी आहे. 1926 च्या उद्रेकात लाव्हारसाने काल्डेरातलं, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या मोठ्या खोलगट भागातलं, बातूर गाव देवळासकट गाडून टाकलं आणि गावकऱ्यांनी वर कड्यावर जाऊन नवं गाव वसवलं. शेवटचा उद्रेक 1999-2000 मधला, म्हणजे आज तिथे गाइड म्हणून काम करणाऱ्या अनेकांनी तो डोळ्यांनी पाहिलेला आहे.

बालीत उतरल्याच्या पहिल्या रात्री ट्रेक ठेवू नका

उबुडमधल्या हॉटेलवर गाडी पहाटे दोनच्या सुमारास येते. दक्षिणेला कुटा-सेमिन्याककडे राहत असाल तर आणखी लवकर. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. तिकडे दोन वाजतात तेव्हा पुण्यात साडेअकरा झालेले असतात. नुकत्याच पोचलेल्या माणसाला तिथे रात्री नऊला झोप लागणं अवघड, कारण शरीराच्या हिशेबाने ती संध्याकाळ असते. विमानप्रवासात एक रात्र जागून काढलेली आणि त्यावर लगेच ही दुसरी. अशा शरीराला चार वाजता अंधारात चढायला लावलं की दम लागतो, मळमळतं, आणि घरचे म्हणतात, स्टॅमिना राहिला नाही. स्टॅमिना असतो, झोप नसते.

ट्रेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा आणि आदल्या रात्री उबुडला किंवा सरळ बातूरजवळच्या किंतामानी भागात राहा. किंतामानीला राहिलात तर तास-दीड तासाची जास्तीची झोप हातात येते. परतीचं विमान त्याच दुपारी असेल तर हा बेत सोडून द्या. उतरून, खाऊन, उबुडला परतेपर्यंत दहा-अकरा वाजतात आणि दक्षिण बालीतल्या वाहतुकीचा भरवसा धरता येत नाही.

पावसाचा हिशेबही बुकिंगच्या वेळीच करा. तिकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळा असतो. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांना नेमका तोच सापडतो. मार्चमधल्या तारखा ठरवताना न्येपी कधी आहे तेही पाहा. बालीतलं नवं वर्षही शकाचंच, त्यामुळे न्येपी बऱ्याचदा गुढीपाडव्याच्या आगेमागे येते. 2025 मध्ये ती 29 मार्चला होती आणि पाडवा 30 ला. त्या दिवशी चोवीस तास विमानतळासकट सगळं बेट बंद असतं, ट्रेकचा तर प्रश्नच नाही.

फक्त दर विचारून बुकिंग करू नका

बातूरवर स्थानिक गाइड घ्यावाच लागतो. डोंगराच्या पायथ्याच्या तळ्याकाठच्या गावांतल्या गाइडांची संघटना आहे आणि वाटेच्या सुरुवातीलाच त्यांचे लोक असतात. ‘आम्ही ट्रेकर आहोत, वाट शोधू’ असं म्हणून पुढे जाऊ पाहणाऱ्यांचा तिथे वाद होतो आणि चढायच्या आधीच मन खट्टू होतं. तो वाद घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचं गाव या डोंगराने एकदा गाडलं, त्यांनी त्याच्या वाटेवर रोजगाराचा हक्क सांगितला तर त्यात गैर काय?

प्रश्न विचारायचेत ते वेगळे. एका गाइडमागे किती माणसं? चारच्या वर असतील तर अंधारात मागे पडलेल्याकडे कोणी बघत नाही. आमच्यातला एक जण अर्ध्यातून परत फिरला तर त्याच्यासोबत कोण येणार? कोणत्या वाटेने नेणार? पाऊस असेल तर तारीख बदलून मिळेल का? दोनशे-चारशे रुपये स्वस्त देणारा एजंट या प्रश्नांना ‘नो प्रॉब्लेम’ एवढंच उत्तर देत असेल, तर तो एजंट नको.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो जवळजवळ कोणीच विचारत नाही, तो म्हणजे डोंगर सध्या कोणत्या पातळीवर आहे. इंडोनेशियात ज्वालामुखींवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा धोक्याच्या चढत्या क्रमाने चार पातळ्या जाहीर करते: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर त्या दिवसाची पातळी आणि विवरापासून किती अंतर राखायचं, हे दोन्ही दिसतं. नॉर्मल असेल तर जा. वास्पादा असेल तर ट्रेक सुरू असला तरी जाऊ नका.

ही भीती घालण्यासाठीची भाषा नाही. सुमात्रातल्या मारापी ज्वालामुखीची पातळी 2011 पासून वास्पादाच होती आणि विवराच्या तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचना होती. तरी चढाई चालू होती. 3 डिसेंबर 2023 ला तो फुटला आणि 24 गिर्यारोहक गेले. न्यूझीलंडच्या व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर 9 डिसेंबर 2019 च्या उद्रेकात 22 जण दगावले, ते तर गाइडसोबतच्या सहलीवर होते. जमिनीतलं पाणी तापून त्याची वाफ कोंडते आणि अचानक फुटते, अशा स्फोटाआधी फारशी पूर्वसूचना मिळतेच असं नाही. गाइड वाट दाखवतो, पडलात तर हात देतो. पण डोंगराच्या पोटात काय चाललंय हे त्यालाही कळत नाही. म्हणून पातळी आपण स्वतः बघायची, आदल्या संध्याकाळीसुद्धा.

जॅकेट घालून चढायला सुरुवात करू नका

पहाटे चारला पायथ्याशी गारठा असतो, त्यामुळे सगळे गाडीतून उतरतात ते जॅकेट, टोपी घालूनच. वीस मिनिटांत घाम सुटतो, आतला शर्ट चिंब होतो. माथ्यावर पोचल्यावर बसून राहायचं असतं, वारा सुटलेला असतो, तापमान दहा-पंधरा अंशांच्या आसपास, आणि ओल्या शर्टावरचं जॅकेट काही केल्या ऊब देत नाही. सूर्योदयाची वाट पाहताना कुडकुडणारे बहुतेक याच चुकीने कुडकुडत असतात. सुरुवातीची दहा मिनिटं थोडी थंडी सोसा, जॅकेट पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. सोबत एक कोरडा टी-शर्ट घ्या आणि वर पोचल्या पोचल्या, थंडी वाजायच्या आधी बदला.

उजेडासाठी मोबाइलच्या टॉर्चवर विसंबू नका. एक हात अडकतो आणि वर जाईपर्यंत बॅटरी उतरते. गाइड टॉर्च देतात, पण त्यातल्या काही मिणमिणत्या असतात. घरचा हेडलॅम्प न्या. पाणी प्रत्येकी एक लिटर पुरे. वर छोट्या टपऱ्यांवर चहा-कॉफी, थंड पेय मिळतं, दर अर्थातच जास्त. ते सामान कोणीतरी पाठीवरून वर आणलेलं असतं, तिथे घासाघीस नको.

वाटेत मोटारसायकलवाले ‘वर सोडतो’ म्हणतात. बसायचं असेल तर कुठपर्यंत सोडणार आणि किती घेणार, हे आधी ठरवा.

चढताना पुढच्याच्या वेगाने जाऊ नका

हंगामात अंधारात दिव्यांची मोठी रांग लागते. मागच्याचा श्वास मानेवर येतो आणि आपण नकळत पाय उचलतो. सूर्योदय वर्षभरात पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान असतो, चढायला दीड-दोन तास लागतात, म्हणजे चारला निघालेल्याला घाई करायचं कारण नाही. बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. दम लागला तर वाटेच्या बाजूला, डोंगराकडच्या अंगाला उभे राहा, दरीकडच्या नाही. गाइडला ‘पलान-पलान’ म्हटलं की तो वेग कमी करतो.

छातीत दुखणं, चक्कर, हात बधिर होणं यातलं काही झालं तर ‘आता एवढं आलोच आहोत’ हा विचार करू नका. मागे फिरा, खाली उतरा. तांबडं फुटलेलं पूर्वेला मोकळ्या उतारावरूनही दिसतं.

माथ्यावर वाफेशी खेळू नका

माथ्यावर खडकांच्या फटींतून वाफ येत असते. गाइड त्यातल्याच एखाद्या बिळात अंडी आणि केळी ठेवतात, काही वेळाने उकडलेली बाहेर काढतात, आणि गारठलेल्या बोटांनी ते गरम अंडं सोलून खाणं खरोखर सुखाचं असतं. पण अंडं शिजवणारी वाफ हातही भाजते. ‘किती गरम आहे बघू’ म्हणून मुलांना फटीवर हात धरायला लावू नका. अंडं न खाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच तसं सांगा, आणि सोबत दशम्या, लाडू, खजूर असं काहीतरी ठेवा. मात्र ते बाहेर मांडून बसू नका. उजाडलं की माकडं येतात आणि पिशवीची चेन त्यांनाही उघडता येते.

विवराच्या कडेची वाट अरुंद आहे आणि कडेचा मुरूम भुसभुशीत. फोटोसाठी गाइडने दाखवलेल्या जागेच्या पुढे एकही पाऊल नको. खोलगट जागेत उतरून बसणंही टाळा, कारण ज्वालामुखीतून येणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खळग्यात साठू शकतो. गंधकाचा उग्र वास आला, डोळे चुरचुरले तर वाऱ्याला आडवं बाजूला सरका आणि वारा जिकडून येतोय त्या अंगाला जा. ओला रुमाल घडीभर उपयोगी पडतो, पण कापडी किंवा साधा मास्क धूळ अडवतो, वायू नाही. दमेकऱ्यांनी इनहेलर सॅकमध्ये नव्हे, खिशात ठेवावा. बालीहून पूर्व जावातल्या इजेन ज्वालामुखीवर निळ्या ज्वाला पाहायला जाणार असाल तर तिथे गंधकाचा धूर फार जास्त असतो. तिथे वायू अडवणाऱ्या मास्कशिवाय विवरात उतरूच नये, आणि दमा असेल तर इजेन वगळावा.

ढग आले आणि सूर्य दिसलाच नाही तर? असं होतं. लगेच उतरू नका. कित्येकदा सात-साडेसातला ढग फाटतात आणि तळं, पलीकडचा अबांग डोंगर, त्याच्यामागे तीन हजार मीटरचा आगुंग आणि अगदी स्वच्छ दिवस असेल तर शेजारच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी असे एकामागे एक दिसायला लागतात. निम्मी गर्दी तोवर खाली गेलेली असते.

खरी परीक्षा उतरताना

सह्याद्रीतला घसारा आपल्याला ओळखीचा असतो, पण तो पावसाने दाबलेल्या मातीचा आणि तुटक्या कातळाचा. त्याच्या खाली कुठेतरी पक्का बेसॉल्ट लागतो. सहा कोटींहून अधिक वर्षं तो निवलेला आहे. बातूरचा उतार मात्र हलक्या, सच्छिद्र, काळ्या खड्यांचा आहे. फरशीवर ज्वारी सांडावी आणि त्यावरून उतरावं, तसा पाय सरकतो. सूर्य पाहून झालेला असतो, झोप डोळ्यांवर असते, गाइडलाही घरी जायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच लोक घसरून मनगट दुखावून घेतात.

पहिली गोष्ट बुटांची. झिजलेल्या तळव्याचे रनिंग शूज किंवा सँडल अजिबात नकोत. खोल खाचांचा तळवा हवा, घोटा झाकणारा बूट असेल तर उत्तम, कारण बारीक खडे कडेने आत शिरतात आणि अर्ध्या तासात टाच सोलवटते. लांब मोजे घाला. टोकाला बोट आपटत असेल तर नख काळं पडणारच, म्हणून उतरायच्या आधी बसून लेस पुन्हा घट्ट बांधा, घोट्याकडून विशेष.

दुसरी गोष्ट शरीराच्या ठेवणीची. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेलला की पाय पुढे निसटतो. गुडघे किंचित वाकवा, अंग थोडं पुढे, टाच खड्यांत रोवून पाऊल टाका. पाऊल थोडं सरकणारच, सरकू द्या, अंग ताठ करू नका. फार तीव्र उतारावर अंग बाजूला वळवून पावलं आडवी टाका. पुढच्या माणसापासून चार-पाच हात अंतर ठेवा, आपल्या पायाखालून सुटलेला दगड त्याच्या घोट्यावर जाऊ नये. हात मोकळे हवेत. मोबाइल खिशात, कॅमेरा सॅकमध्ये. पातळ हातमोजे असतील तर तेव्हाच घाला, कारण हे खडे हाताला चांगलेच कापतात. गुडघे थरथरायला लागले तर लाजू नका, पाच मिनिटं बसा, गोड काहीतरी खा आणि गाइडला सौम्य वाट विचारा. थोडी लांबची, पण बऱ्यापैकी पक्की वाट असते.

आई-बाबांना ओढत नेऊ नका

‘एवढ्या लांब आलोय तर चला’ या आग्रहापायी गुडघ्याचं दुखणं असलेल्या सत्तरीतल्या माणसाला अंधारात चढवणं मला अजिबात पटत नाही. त्यांच्यासाठी जीपची सहल आहे. पहाटे समोरच्या उंचावर नेतात, तिथून बातूर, तळं आणि सूर्योदय तिन्ही एका नजरेत येतात, आणि नंतर गोठलेल्या काळ्या लाव्हाच्या पठारावर फिरवतात. जवान मंडळींनी डोंगर चढावा, बाकीच्यांनी जीप घ्यावी, आणि सगळ्यांनी तोया बुंकाहच्या गरम पाण्याच्या कुंडांवर भेटावं.

आणि हे देवस्थान आहे, हे विसरू नका. तळ्याच्या देवीचं, देवी दानूचं, पाणी बालीतल्या भातखाचरांना पोचतं अशी तिथल्या शेतकऱ्यांची श्रद्धा आहे. बालीतल्या पवित्र डोंगरांवर काही परदेशी पर्यटकांनी अर्धनग्न फोटो काढल्यानंतर 2023 मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी 22 डोंगरांवर पर्यटकांना बंदी घालण्याची घोषणा केली होती. वाटेवरच्या फुलांच्या परड्या ओलांडताना पाय लागू देऊ नका, वर स्पीकर लावू नका, आणि वेफर्सची पाकिटं सॅकमधूनच परत आणा.

शेवटचं, परतीच्या वाटेवरचं. अनेक पॅकेजमध्ये उतरल्यावर कॉफीच्या मळ्यात थांबा असतो. तिथे उदमांजरांच्या विष्ठेतून काढलेली लुवाक कॉफी महागात विकतात आणि बऱ्याच ठिकाणी ती जनावरं पिंजऱ्यात कोंडलेली असतात. ते नको असेल तर ड्रायव्हरला पहाटे गाडीत बसतानाच सांगा. उतरून आल्यावर, डोळे मिटत असताना, नाही म्हणायला जमत नाही.