आल्याच्या आंबवलेल्या पेयात नेमका वायू कसा भरावा

सातारी आल्याचे घरी आंबवलेले पेय चवीला जमते, पण बाटली उघडल्यावर ते एकतर मचूळ निघते किंवा छतापर्यंत उडते. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते आणि झाकण घट्ट असले की तो वायू द्रवातच विरघळतो. म्हणून साखर किती उरली आहे, यावरच सारे ठरते.

बुडबुडे सलग २-३ दिवस थांबले आणि जिभेला गोडी लागेनाशी झाली की दर लिटरला ७ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, गार करून मिसळावी. येथे चमच्याचा अंदाज उपयोगाचा नाही, वजनकाटाच हवा. बाटली कोल्ड्रिंकची, प्लॅस्टिकचीच घ्यावी (काच फुटण्याची जोखीम मी तरी पत्करत नाही) आणि वर दोन बोटे जागा सोडावी. पहिल्या दिवशी ती अंगठ्याने सहज चेपते. दगडासारखी टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. एप्रिलच्या साताऱ्यात याला दोन-तीन दिवस पुरतात, डिसेंबरात आठवडाही लागतो. त्यानंतर एक दिवस तरी झाकणाला हात लावू नये, कारण थंड द्रवातच वायू नीट मुरतो.