इंग्रजी पत्रात ‘अप्राइज’ कसं वापरावं

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तसा वकिलांना इंग्रजीत पत्रं लिहिणाऱ्यांचा उत्साह वाढलाय. ‘इन्फॉर्म’पेक्षा भारी म्हणून ‘अप्राइज’ कुठंही चिकटवलं जातं.

आधी ठरवा, शब्द हवाय का? उद्या पाणी येणार नाही, एवढंच सोसायटीला सांगायचं तर ‘इन्फॉर्म’ पुरे. सरकारी मराठीत जिथं ‘अवगत करणे’ शोभतं, तिथंच ‘अप्राइज’.

मग स्पेलिंग. सगळा घोळ इथं आहे, मीही इथं बराच अडखळायचो. ‘अप्राइज’मध्ये ‘आर’नंतर थेट ‘आय’. मध्ये ‘ए’ घुसला की झालं ‘अप्रेज’, म्हणजे किंमत ठरवणं. गुजरीत सराफ पाटली कसाला लावून, वजन करून भाव सांगतो, ते ‘अप्रेज’. पत्रात ‘आय विश टू अप्रेज यू’ गेलं, तर तुम्ही साहेबांचीच किंमत करायला निघालात! कॉम्प्युटरच्या भरवशावर राहू नका, दोन्ही शब्द खरे असल्यानं तो बहुतेक वेळा लाल रेघ मारत नाही.

‘प्राइस’वरून लक्षात ठेवा, असं सांगणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. ‘प्राइस’सारखा ऐकू येतो ‘अप्राइज’, पण किमतीचा लॅटिन ‘प्रेटियम’ दडलाय ‘अप्रेज’मध्ये. कानावर गेलात की फसलात. मुळाशी जा. ‘अप्राइज’ सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच ‘अप्रांद्र’वरून इंग्रजीत आला. त्या क्रियापदाचा अर्थ शिकणं आणि शिकवणं, दोन्ही. त्याच्याही मागं लॅटिन ‘प्रेहेंडेरे’, म्हणजे पकडणं. शिरोली एमआयडीसीत आयटीआयची पोरं ‘अप्रेंटिस’ म्हणून लागतात ना, तो शब्द याच घरातला. माहिती द्यायची तर अप्रेंटिस आठवा. पगारवाढीच्या वेळचं ‘अप्रेजल’ दुसऱ्या घरचं.

झेड घालून लिहिलेलंही कुठं कुठं दिसेल. त्या नादाला लागू नका.

वाक्य सोपं आहे: ‘वी विश टू अप्राइज यू ऑफ द डिले’. आधी माणूस, मग ‘ऑफ’, मग विषय. ‘अप्राइज टू यू’ नको, ‘अबाउट’ही नको. पुढचं कळवत राहा म्हणायचं तर ‘कीप मी अप्राइज्ड’. एका पत्रात एकदाच. आणि ‘काइंडली’ आधीच तीनदा आलं असेल, तर त्यातले दोन खोडून मगच सही करा.