स्क्रोल होणाऱ्या ग्रुपला हात लावण्याआधी

लाइव्हकोडमध्ये, म्हणजे पडद्यावर वस्तू मांडून प्रोग्राम बनवायच्या साधनात, लांबलचक फॉर्म करायचा म्हटलं की बहुतेक जण लगेच फील्ड (मजकूर भरायच्या चौकटी) ओढायला बसतात. जरा थांबा. समजा बेळगावच्या उद्यमबागेतल्या किंवा मच्छेच्या एखाद्या फाउंड्रीसाठी तपासणीचा तक्ता करायचाय. त्यात हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), ग्रेड, ओतताना तापमान किती, बॉक्स किती भरले, ब्लोहोल (ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळ्या) किती निघाले, फेटलिंगला (साफसफाईला) किती गेले, नापास किती, असे वीसेक रकाने येणार. एवढं सगळं एका पडद्यावर मावत नाही, म्हणजे सगळ्या वस्तूंचा एक ग्रुप करून त्याला स्क्रोलबार देणं आलंच. आणि ग्रुप स्क्रोल व्हायला लागला की त्याच्या पोटातल्या वस्तू हलवणं कटकटीचं होतं. म्हणून आधी तयारी, माऊस नंतर.

पहिलं काम कॉम्प्युटरवरचं नाहीच. शॉपमध्ये जे रजिस्टर चालतं त्याच्या भरलेल्या पानाचा फोटो घ्या. कोरं पान उपयोगाचं नाही, कारण सुपरवायझर समासात काय लिहितो ते भरलेल्या पानावरच दिसतं, आणि रकाने कुठल्या क्रमानं भरले जातात तेही. मग त्या फोटोवर पेन्सिलीनं दोन भाग पाडा. तारीख, शिफ्ट आणि जतन करायचं बटन सतत समोर लागतं, ते ग्रुपच्या बाहेर, सरळ कार्डावर (लाइव्हकोडमधला एक पडदा म्हणजे एक कार्ड). बाकीचं आत. हा निर्णय आधी झाला नाही तर पुढं वस्तू आत-बाहेर करण्यातच दिवस जातो.

भाषेचा विचारही इथंच करायचा. आपल्याकडं एकाच शॉपमध्ये मराठी वाचणारा आणि कन्नड वाचणारा शेजारी शेजारी उभे असतात, आणि मालक इंग्रजीत रिपोर्ट मागतो. लाइव्हकोडला ७ व्या आवृत्तीपासून युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच पद्धत) व्यवस्थित जमतं, त्यामुळं लिपीची अडचण नाही. अडचण उंचीची आहे. मराठीत वर वेलांटी आणि खाली उकार, तर कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं. इंग्रजी लेबल बघून ठरवलेल्या फील्डमध्ये ते खालून कापलं जातं. म्हणून एक नमुना ओळ करा, तिच्यात मराठी ‘मूल्य’ आणि कन्नड लिपीत ‘अच्चु’ टाइप करून बघा, आणि दोन्ही पूर्ण दिसतील तीच ओळीची उंची धरा. वीस ओळी झाल्यावर उंची वाढवायची म्हणजे सगळा तक्ता पुन्हा मांडायचा. भट्टी पेटल्यावर पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) बदलत नाहीत, तसंच हे.

आवृत्तीचं एकदा बघून घ्या. फुकटची कम्युनिटी आवृत्ती २०२१ मध्ये बंद झाली आणि ९.६.३ ही तिच्यातली शेवटची. तुमच्याकडं एक आणि गिऱ्हाइकाकडं दुसरी असेल तर फाईल कुठल्या आवृत्तीच्या स्वरूपात जतन करायची ते आधी ठरवा.

आता नावं. प्रत्येक फील्डला, प्रत्येक लेबलला, आणि ग्रुपलाही नाव द्या. वस्तूचं नाव रोमन लिपीत आणि छोटं, लेबलवर दिसणारा मजकूर हव्या त्या भाषेत. आपोआप पडलेली नावं तशीच ठेवली तर सहा महिन्यांनी स्क्रिप्ट उघडल्यावर कुठलं फील्ड नापास मालाचं ते कळत नाही.

ग्रुप केल्याकेल्या त्याची लॉक-लोकेशन ही प्रॉपर्टी (गुणधर्म) चालू करा. ती बंद असली की ग्रुप आतल्या वस्तूंना पुरेल एवढा आपला आपण पसरतो, मग स्क्रोल करायला उरतं काय? लॉक केला की चौकट ठरलेली राहते आणि जास्तीचं आत झाकलं जातं. त्यानंतर उभा स्क्रोलबार चालू करायचा. आडवा शक्यतो नकोच. तक्ता आडवा सरकायला लागला की लिहिणारा चुकीच्या रकान्यात आकडा टाकतो. शॉपमध्ये हातमोजे घालून माऊस धरणारी माणसं असतात, तेव्हा स्क्रोलबारची रुंदीही जरा वाढवा, त्याला वेगळी प्रॉपर्टी आहे. आणि शेवटच्या ओळीखाली एक पारदर्शक आयत ठेवून द्या, नाहीतर शेवटचा रकाना चौकटीच्या कडेला चिकटून बसतो.

सगळ्यात जपून करायचं ते संपादन. आतलं एखादं फील्ड बदलायला तीन वाटा आहेत, त्यातली एक वाईट. वाईट वाट म्हणजे ग्रुप मोडायचा, बदल करायचा आणि पुन्हा ग्रुप करायचा. मोडलेल्या ग्रुपबरोबर त्याची स्क्रिप्ट आणि प्रॉपर्टीही जातात: स्क्रोलबार, लॉक, सगळं. दुसरी वाट सिलेक्ट ग्रुप्ड या बटनाची. ते चालू असलं की क्लिक केल्यावर ग्रुपऐवजी आतली वस्तू निवडली जाते. रंग, फॉन्ट, लेबलचा मजकूर अशा बारीक दुरुस्तीला हे बरं, पण काम झालं की बंद करा. चालू राहिलं तर ग्रुप सरकवायला जाता आणि एकटं फील्ड ओळीतून निघून येतं. अनडूवर भिस्त ठेवू नका, ते इथं तोकडं आहे. ज्या वस्तूंना हात लागूच नये त्यांची कान्ट-सिलेक्ट प्रॉपर्टी चालू करा म्हणजे क्लिकनं त्या निवडल्याच जात नाहीत.

तिसरी वाट ऑब्जेक्ट मेनूतल्या एडिट ग्रुपची. ओळी वाढवायच्या असतील, क्रम बदलायचा असेल, तर हीच. कार्डावरचं बाकीचं सगळं दिसेनासं होतं आणि फक्त ग्रुपच्या वस्तू राहतात. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, तारखेचं फील्ड गेलं कुठं म्हणून. गेलेलं नाही, स्टॉप एडिटिंग केलं की परत दिसतं. या अवस्थेत केलेली नवी वस्तू ग्रुपची होते आणि बाहेर पडून केलेली कार्डाची. त्यामुळं नवं फील्ड टाकून बघता तर स्क्रोल करताना ते एकटंच जागच्या जागी उभं, बाकीचे खाली-वर जातायत, असं झालं तर समजायचं की ते बाहेर तयार झालंय.

एडिटला जाण्याआधी मात्र स्क्रोल शून्यावर आणा, म्हणजे ग्रुपची व्ही-स्क्रोल (उभा स्क्रोल) प्रॉपर्टी ०. याचं कारण असं की आतल्या वस्तूंची जागा कार्डाच्या मापात मोजली जाते, आणि ग्रुप स्क्रोल झाला की ती जागाही बदलते. ‘नापास’चं फील्ड वरून ४०० पिक्सेलवर आहे आणि स्क्रोल १५० झालाय, तर विचारल्यावर उत्तर २५० येणार. त्या आकड्यावर पुढची ओळ मांडली की ती दुसऱ्याच कुठल्या ओळीवर जाऊन बसते. स्क्रिप्टनं ओळी मांडत असाल तर पहिल्या तीन आज्ञा ठरलेल्या: स्क्रीन लॉक (पडद्यावरचं चित्र तेवढ्यापुरतं थांबवणं), आताचा स्क्रोल एका व्हेरिएबलमध्ये, मग स्क्रोल शून्य. मांडणी झाली की जुना स्क्रोल परत द्यायचा आणि स्क्रीन उघडायची. बघणाऱ्याला काही हललेलं कळतही नाही. तक्ता खालपर्यंत न्यायचा तर ग्रुपची फॉरमॅटेड-हाइट (आतल्या सगळ्याची मिळून उंची) वजा चौकटीची उंची, एवढा स्क्रोल. आणि कार्ड उघडताना स्क्रोल शून्य करणारी एक ओळ प्री-ओपन-कार्डमध्ये टाकून ठेवा, नाहीतर काल कोणीतरी अर्ध्यावर सोडलेला तक्ता आज सकाळी अर्ध्यावरच उघडतो.

एकच ग्रुप दोन-तीन कार्डांवर ठेवलेला असेल, उदाहरणार्थ कंपनीचं नाव असलेली वरची पट्टी, तर ती एका कार्डावर बदलली की सगळीकडं बदलते. ते हवंच असतं. पण तिच्यातल्या फील्डचा मजकूर कार्डागणिक वेगळा राहायला हवा असेल तर शेअर्ड-टेक्स्ट बंद आहे ना ते तपासा.

टॅब्लेटवर चालवायचं ठरलं तर बोटानं सरकवायला ग्रुपचा स्क्रोलबार पुरत नाही. टॅब्लेटचा स्वतःचा स्क्रोलर कंट्रोल तयार करायचा, त्याची चौकट ग्रुपएवढी, आणि स्क्रोलर-डिड-स्क्रोल हा संदेश आला की तो आकडा ग्रुपच्या व्ही-स्क्रोलला द्यायचा. कार्ड बंद होताना तो कंट्रोल काढून टाकायला विसरायचं नाही, नाहीतर पुढच्या कार्डावर तो न दिसता बसून राहतो आणि बटनं दाबली जात नाहीत. ग्रुपचा लेयर-मोड स्क्रोलिंग आणि स्टॅकचं (सगळ्या कार्डांच्या गठ्ठ्याचं) अ‍ॅक्सेलरेटेड रेंडरिंग चालू केलं की सरकणं बरंच मऊ होतं.

पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक एडिट ग्रुपच्या आधी फाईलची तारीख घातलेली प्रत. शेवटी तक्ता रात्रपाळीच्या माणसाकडून भरून घ्या, दिवसाच्या इंजिनियरकडून नको, आणि भरताना त्याला काही सांगू नका. टॅब दाबल्यावर कर्सर ब्लोहोलवरून एकदम हीट नंबरवर उडाला तर आतल्या वस्तूंचे लेयर (एकमेकांवरचा क्रम, टॅब त्यानंच सरकतो) चुकलेत. एडिट ग्रुपमध्ये जाऊन ते रजिस्टरच्या क्रमानं लावा.