नवजात बाळाची कावीळ: रंगाआधी तास मोजा, या चुका टाळा

पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांपैकी साधारण सहा बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. जन्मानंतर तांबड्या पेशी भराभर तुटतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि ते बाहेर टाकण्याइतकं बाळाचं यकृत अजून तयार नसतं. ही साधी कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, पाचव्या दिवसापर्यंत वाढते आणि बहुतेकदा दोन आठवड्यांत जाते. 'सगळ्यांनाच होते' म्हणून सोडून दिलं की मात्र घोळ होतो.

नुसता पिवळेपणा बघणं

कितव्या तासाला दिसला, हे आधी विचारा. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ साधी नसतेच. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह, किंवा आईचा गट ओ आणि बाळाचा ए वा बी, अशी कारणं त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी रक्त तपासायला हवं. बिलिरुबिन १२ मिलिग्रॅम (दर डेसिलिटर रक्तात) असा रिपोर्ट पाचव्या दिवशीच्या सुदृढ बाळात सहसा चालून जातो, विसाव्या तासाला तोच आकडा धोक्याचा. म्हणून रिपोर्ट दाखवताना जन्माची आणि रक्त घेतल्याची, दोन्ही वेळा सांगा.

चुकीच्या उजेडात पाहणं

बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या बंद, वर पिवळा दिवा आणि बाळाच्या अंगाला हळद घातलेलं डाळीचं पीठ. अशात कावीळ कळणार कशी? हळद लावूच नका. दिवसा खिडकीपाशी न्या, कपाळ, मग छाती, मग पाय बोटाने हलके दाबून सोडा आणि दाबलेल्या जागेचा रंग बघा. सावळ्या बाळात हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग जास्त खरं सांगतात. पिवळेपणा चेहऱ्याकडून खाली उतरतो. तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, किरट्या आवाजात रडू लागलं किंवा पाठ मागे ताणू लागलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. बिलिरुबिन मेंदूत गेलं तर बहिरेपणा आणि हातापायांचं कायमचं अपंगत्व येऊ शकतं.

कोवळ्या उन्हावर भिस्त

ही समजूत अगदीच पोकळ नाही. १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात उन्हामुळे बाळांचा पिवळेपणा उतरतो, हे एका परिचारिकेच्या लक्षात आलं आणि त्यातूनच निळ्या दिव्याचा उपचार निघाला. पण उन्हाचं माप ठरवता येत नाही. उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि उपचाराचे दोन दिवस हातचे जातात. दिव्याखाली ठेवलेल्या बाळाला मायेने कुंची, मोजे, दुपटं घालणं हीही चूकच. अंगावर लंगोट आणि डोळ्यांवर पट्टी, एवढंच. उजेड कातडीवर पडला तरच काम होतं. दिवा सुरू असताना रंग फिका दिसतो, त्यावरून बरं वाटलं म्हणू नका, रक्ताचा आकडाच खरा.

दूध तोडून पाणी, मध, गुटी देणं

बिलिरुबिन मुख्यतः शीवाटे बाहेर जातं. दूध कमी पडलं की शी अडते आणि तेच बिलिरुबिन आतड्यातून परत रक्तात शोषलं जातं. साखरेच्या पाण्याने पोट भरतं, कावीळ उतरत नाही. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा अंगावर पाजा, झोपलेलं असेल तर उठवून. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. आईने हळद किंवा पिवळं वरण सोडायचं काहीच कारण नाही. गळ्यातल्या माळा आणि डाग देणं तर सोडाच.

डांबरगोळ्यांतली दुपटी

ट्रंकेतले जुने कपडे, गोधड्या बाळासाठी काढल्या जातात. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळात डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या नुसत्या वाफेनेही तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. कमतरता आहे हे तोवर घरात कुणाला माहीतही नसतं. असे कपडे वापरूच नका.

चौदा दिवसांनंतरही वाट पाहणं

आईच्या दुधावरची निरुपद्रवी कावीळ कित्येक आठवडे रेंगाळू शकते, पण ती तीच आहे हे तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. १४ दिवसांपुढे, कमी दिवसांच्या बाळात २१ दिवसांपुढे, पिवळेपणा राहिला तर 'डायरेक्ट' (यकृताने प्रक्रिया केलेलं) बिलिरुबिन मोजून घ्या. रोज शीचा रंग बघा. पिवळी-मोहरीसारखी शी ठीक. पांढुरकी, खडूसारखी शी आणि लंगोटावर गडद पिवळा डाग पाडणारी शू म्हणजे पित्तनलिका बंद असण्याची शंका. त्यावरची 'कसाई' (जपानी सर्जनच्या नावाने ओळखली जाणारी) शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यश मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून अशी शी दिसताच त्याच दिवशी लंगोटासकट डॉक्टरांना दाखवा.