कोकणच्या किनाऱ्यासाठी नवी जेट स्की निवडताना

तारकर्ली, देवबाग, गणपतीपुळे, काशीद किंवा गोव्यातील कलंगुट-बागा अशा किनाऱ्यांवर जलक्रीडेचा व्यवसाय करणारे असोत किंवा स्वतःच्या कुटुंबासाठी जेट स्की घेऊ पाहणारे हौशी असोत, खरेदीच्या वेळी बहुतेकांचा पहिला प्रश्न इंजिनाच्या अश्वशक्तीचा असतो. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. यंत्र कोणत्या पाण्यात चालणार आहे, त्यावर किती वजन बसणार आहे, त्यात कोणते पेट्रोल पडणार आहे आणि बिघडल्यास ते कोण दुरुस्त करणार आहे, या चार गोष्टी आधी निश्चित केल्या की किती ताकदीचे इंजिन घ्यावे याचे उत्तर जवळजवळ आपोआप मिळते.

पाण्यापासून सुरुवात करू. जेट स्कीला होडीसारखा बाहेर उघडा पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, नळीत बंदिस्त असलेले इम्पेलर हे पाते ते जोराने मागे फेकते आणि त्या झोताच्या धक्क्याने यंत्र पुढे जाते. इम्पेलर आणि त्याच्याभोवतीचे कडे, म्हणजे वेअर रिंग, यांच्यातील अंतर अगदी थोडे असते आणि पंपाचा सारा जोर त्या अंतरावर अवलंबून असतो. आपल्याकडच्या पुळणीवर गुडघाभर पाण्यात यंत्र सुरू करून पर्यटकांना बसवण्याची सवय सर्रास दिसते. अशा वेळी पाण्याबरोबर वाळू आत ओढली जाते, कडे खरवडले जाते, आणि काही महिन्यांतच इंजिन पूर्वीइतकेच ओरडत असूनही यंत्र पूर्वीसारखे पळत नाही. जेट स्की बनवणाऱ्या यामाहा कंपनीच्या पुस्तिकेत तळाखाली किमान ६० सेंटिमीटर, तर सी-डू या दुसऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत किमान ९० सेंटिमीटर पाणी असावे असे सांगितलेले आहे. ज्यांचा व्यवसाय खाडीच्या मुखाशी आहे, जिथे ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडतात, त्यांनी वेअर रिंग सहज बदलता येते का आणि ती किती किमतीला, किती दिवसांत मिळते, हे विक्रेत्याला खरेदीपूर्वीच विचारावे. सी-डूच्या बहुतेक यंत्रांत हे कडे बदलता येण्याजोग्या प्लॅस्टिकचे असते. ते लवकर झिजते, पण इम्पेलरला वाचवते आणि बदलायलाही सोपे असते.

खाडीत तरंगणारे जाळ्यांचे तुकडे, नायलॉनच्या दोऱ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हा दुसरा त्रास. त्या जाळीत अडकल्या की पंप निकामी होतो आणि चालकाला इंजिन बंद करून, पाण्यात उतरून, हाताने त्या काढाव्या लागतात. सी-डूने २०२२ पासून काही मॉडेलांत इम्पेलर उलटा फिरवून कचरा बाहेर टाकण्याची सोय दिली आहे. बंदराजवळ किंवा मासेमारीच्या गावाशेजारी यंत्र चालवायचे असेल, तर या सोयीसाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते.

इंजिन थंड ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि खाऱ्या पाण्यात त्यांचा फरक मोठा पडतो. यामाहा आणि कावासाकी यांच्या यंत्रांत समुद्राचेच पाणी इंजिनाच्या आतल्या मार्गांतून फिरवून बाहेर सोडले जाते. सी-डूमध्ये मोटारीप्रमाणे कूलंट बंद चक्रात फिरते आणि तळाच्या धातूच्या पट्टीतून उष्णता समुद्राला देते. बंद चक्रामुळे इंजिनाच्या आत मीठ आणि वाळू शिरत नाही हे खरे, परंतु एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा मार्ग, तिथेही समुद्राच्या पाण्यानेच थंड होतो, म्हणून गोड्या पाण्याने आतून धुण्याचे काम कोणत्याही यंत्रात टळत नाही. उघड्या पद्धतीची रचना साधी असते आणि रोजच्या रोज धुतल्यास ती वर्षानुवर्षे टिकते. धुण्याचा क्रम मात्र चुकवून चालत नाही. आधी इंजिन सुरू करावे आणि मगच नळ सोडावा, तसेच आधी नळ बंद करावा आणि मग इंजिन. क्रम उलटा झाला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरपर्यंत जाऊ शकते. आपल्या जागेवर गोड्या पाण्याचा पुरेसा जोर असलेला नळ नसेल, तर यंत्र घेण्याआधी त्याची सोय करावी.

वजनाच्या बाबतीत जाहिरातीतल्या आसनसंख्येवर विसंबू नये. सी-डू स्पार्कच्या दोन आसनी मॉडेलची भारक्षमता १६० किलो आहे. ७५ किलोच्या दोन प्रौढ व्यक्ती बसल्या की त्यात १० किलो उरतात, आणि मग थोडीशी लाटही यंत्राला डळमळीत करते. त्याच स्पार्कच्या तीन आसनी मॉडेलची क्षमता २०५ किलो, यामाहाच्या व्हीएक्स मालिकेची २४० किलो आणि सी-डू जीटीआयची २७२ किलो आहे. भाड्याच्या व्यवसायात पर्यटकाबरोबर आपला चालक बसतो आणि कधी आईवडील मुलालाही मध्ये घेतात. अशा वेळी व्हीएक्स किंवा जीटीआय या आकाराच्या खाली जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बंपर किंवा बनाना, म्हणजे दोरीने ओढायच्या हवा भरलेल्या राईड, ओढण्यासाठी यंत्र वापरायचे असेल तर तीन आसनी यंत्रच हवे, कारण चालकाशिवाय मागे तोंड करून ओढल्या जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा एक माणूस लागतो आणि कुणी पाण्यात पडल्यास त्याला वर घेण्यासाठी एक जागा मोकळी लागते. मागच्या बाजूची पाण्यातून चढण्याची पायरी सर्व मॉडेलांत येतेच असे नाही. ती नसल्यास वेगळी बसवून घ्यावी, कारण दमलेल्या, घाबरलेल्या आणि लाईफ जॅकेट घातलेल्या माणसाला हातांच्या बळावर वर चढणे फार अवघड जाते.

यंत्राचे स्वतःचे वजनही महत्त्वाचे आहे. स्पार्क दोनशे किलोच्या आसपास भरते, त्यामुळे दोन-तीन माणसे ती ट्रॉलीवर चढवून वाळूतून वर आणू शकतात आणि तिला पेट्रोलही कमी लागते. मोठी यंत्रे तीनशे ते चारशे किलोंची असतात आणि त्यांना ओढायला ट्रॅक्टर किंवा जीप लागते. परंतु दुपारी वारा सुटून समुद्र खवळू लागला की हलके यंत्र लाटेवरून लाटेवर आदळत जाते आणि बसणाऱ्याची कंबर दुखते, तर तीन मीटर ३५ सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे जड यंत्र लाट कापत जाते. पवना किंवा मुळशीसारख्या शांत जलाशयावर, जिथे परवानगी असेल तिथे, हलके यंत्र पुरते. उघड्या समुद्रावर मोठे घ्यावे.

आता पेट्रोल. हा विषय आपल्या देशात दोन-तीन वर्षांत फार बदलला आहे आणि परदेशी माहिती वाचून खरेदी करणाऱ्यांच्या तो लक्षात येत नाही. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. जेट स्कीच्या उत्पादकांच्या पुस्तिकांमध्ये मात्र साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते असे लिहिलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. समुद्रकाठच्या दमट हवेत आणि पावसाळाभर उभ्या राहिलेल्या यंत्रात पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे होते आणि तेच पुढे इंधन पंपात व इंजेक्टरमध्ये जाते. म्हणून विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: या मॉडेलमध्ये किती टक्के इथेनॉलचे पेट्रोल चालते, आणि पंपावरचे नेहमीचे पेट्रोल वापरल्यास इंधन यंत्रणेची वॉरंटी टिकते की नाही. तोंडी आश्वासन येथे उपयोगाचे नाही.

अश्वशक्तीचा प्रश्न इथे येतो. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप, बसवलेली, अडीचशे-तीनशे अश्वशक्तीच्या घरातली यंत्रे ताशी १०० किलोमीटरच्या पुढे पळतात, पण पूर्ण वेगात ७० लिटरची टाकी तासाभरात संपवतात, साधारणपणे ९५ ऑक्टेनचे महाग पेट्रोल मागतात आणि त्यांचे सुटे भागही महाग असतात. लोकांनी भरलेल्या किनाऱ्यावर एवढा वेग वापरण्याची जागाही नसते. सुपरचार्जर नसलेले १०० ते १७० अश्वशक्तीचे इंजिन तीन माणसांना आरामात नेते आणि बंपरही ओढते. यामाहाचे १,०४९ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन किंवा सी-डूचे १,६३० सीसीचे १३० व १७० अश्वशक्तीचे इंजिन ही या गटातली ओळखीची उदाहरणे आहेत, आणि व्यवसायासाठी मी याच गटातून निवड करण्यास सांगेन. कावासाकीची यंत्रे मजबूत असतात, पण आपल्या जवळच्या मिस्त्रीने ती पूर्वी उघडली आहेत का, हे आधी पाहावे.

सुरक्षिततेच्या सोयींवर पैसे वाचवू नयेत. जेट स्कीला सुकाणूचे पाते नसते आणि झोताची दिशा बदलूनच ती वळते. त्यामुळे घाबरलेला नवखा माणूस समोर होडी दिसताच थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवणारा खटका, सोडतो, तेव्हा झोत थांबतो आणि हँडल कितीही फिरवले तरी यंत्र सरळ पुढे जात राहते. अशाने धडका होतात. सी-डूने २००९ मध्ये आणि यामाहाने २०१५ च्या मॉडेलांपासून हँडलवरच ब्रेक व रिव्हर्स देण्याची सोय आणली. ब्रेक नसलेली स्वस्त मॉडेले आजही मिळतात, पण पर्यटकांच्या हाती यंत्र जाणार असेल तर ती घेऊ नयेत. वेगावर मर्यादा घालणारी शिकाऊ किल्ली किंवा शिकाऊ मोडही पाहावा. मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची इंजिन बंद करणारी दोरी प्रत्येक यंत्रासोबत येते, पण मिठाने ती कडक होते, म्हणून जादा दोऱ्या खरेदीतच मागून घ्याव्यात. आणखी एक इशारा प्रत्येक यंत्रावर छापलेला असूनही आपल्याकडे दुर्लक्षित राहतो. मागून पाण्यात पडणाऱ्याच्या अंगात झोताचे पाणी जोराने शिरून गंभीर अंतर्गत इजा होऊ शकते, म्हणून उत्पादक वेटसूटची, म्हणजे पाण्यात घालायच्या जाड रबरी पोशाखाची, विजार घालण्यास सांगतात. महिलांच्या ओढण्या, मोकळे केस आणि सैल कपडे यांना पंपाच्या जाळीजवळ धोका असतो, हेही कर्मचाऱ्यांना शिकवावे.

सेवेचा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण आपल्याकडे विकली जाणारी ही यंत्रे आयात होतात आणि एखादा सेन्सर किंवा पंपाचा भाग परदेशातून येईपर्यंत ऐन हंगामातले नाताळ-नववर्षाचे दिवस निघून जातात. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात, म्हणजे कमाईचे महिने आधीच मोजके आहेत. विक्रेत्याकडे वेअर रिंग, इम्पेलर, स्पार्क प्लग, तेलाचा फिल्टर, जस्ताचे ॲनोड (इतर धातूंना गंजण्यापासून वाचवणारे तुकडे) आणि बॅटरी यांचा साठा प्रत्यक्ष आहे का, ते गोदामात जाऊन पाहावे. दोष शोधण्याचा संगणकीय संच असलेला तंत्रज्ञ मालवणला किंवा अलिबागला येतो का, की यंत्र ट्रकवर घालून मुंबईला किंवा गोव्याला न्यावे लागते, हे विचारावे. त्याच कंपनीचे यंत्र वापरणारे शेजारचे दोन व्यावसायिक असतील तर एकमेकांना सुटे भाग उसने देता येतात. या एका सोयीसाठी मी किंचित कमी आवडलेली कंपनीही निवडेन. भाड्याच्या वापरासाठी वॉरंटीची मुदत अनेकदा खासगी वापरापेक्षा कमी असते, त्यामुळे बिलावर खरा वापर लिहून घ्यावा. खासगी म्हणून घेऊन भाड्याने चालवल्यास पहिल्याच मोठ्या बिघाडात दावा नाकारला जातो.

किमतीची तुलना करताना सीमाशुल्क आणि जीएसटी धरून हातात पडणारी रक्कम मागावी. सप्टेंबर २०२५ पासून क्रीडा व विहारासाठीच्या नौकांवर जीएसटी ४० टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या दरपत्रकावर हिशेब मांडू नये. त्याशिवाय ट्रॉली, आच्छादन, लाईफ जॅकेट, विमा आणि प्रशिक्षण यांचा खर्च वेगळा असतो. महाराष्ट्रात सागरी मंडळाची आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स या बंदर खात्याची परवानगी व नोंदणी लागते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी स्थानिक बंदर कार्यालयात जाऊन आपल्या किनाऱ्यावर नव्या यंत्राला परवानगी मिळेल की नाही, हे विचारून घ्यावे. चालकांच्या प्रशिक्षणासाठी गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे.

यंत्र ताब्यात घेताना मागच्या बाजूला कोरलेला क्रमांक पाहावा. त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात, आणि दोन वर्षे गोदामात पडलेले यंत्र नवे म्हणून विकले जात असेल तर ते तिथे कळते. तासमापकावर एक-दोन तासांपेक्षा जास्त आकडा दिसल्यास कारण विचारावे. यंत्र उलटल्यास ते कोणत्या दिशेने सरळ करायचे, हे दाखवणारी बाणाची पट्टी मागे लावलेली असते. चुकीच्या दिशेने फिरवल्यास इंजिनात पाणी जाते, म्हणून ती पट्टी सर्व चालकांना त्याच दिवशी दाखवावी. चाचणी आपल्याच किनाऱ्यावर, भरतीच्या पाण्यात, पूर्ण वजन बसवून घ्यावी. पहिले काही तास इंजिन पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मध्यम वेगात, वेग कमी-जास्त करत चालवावे आणि पहिली सर्व्हिस ठरलेल्या तासांनंतर लगेच करून घ्यावी. हे सारे पहिला पर्यटक बसण्याआधी व्हायला हवे. त्यासाठी मागणी जूनमध्येच नोंदवून ऑगस्टच्या मध्यापर्यंत यंत्र हाती येईल, अशी तारीख करारात लिहून घ्यावी.